होट्टि म्हणजे ओठ नव्हे

सकाळचे दहा. गुलबर्ग्याच्या सरकारी दवाखान्यात नवी नर्स अनसूया एका आजीच्या ओठांना ग्लिसरीन लावत होती. आजी कळवळून 'होट्टि, होट्टि' म्हणत होती. होट म्हणजे ओठ, असं अनसूयेला वाटलं होतं.

औषधांच्या खिडकीतून हसू आलं. कंपाउंडर सिद्धप्पा.

"सिस्टर, होट्टि म्हणजे पोट. आजीचं पोट दुखायलंय."

"मग आधी सांगायचं न्हाई व्हय?"

"तुम्ही इतक्या मायेनं लावायलात... बघतच राहिलो."

ती लाजली — आणि चिडलीही. साल १९६८. ती सीमेवरच्या कमलनगरची, घरात मराठी. मार्चमध्ये कन्नडची तोंडी परीक्षा होती. नापास झाली की नोकरी संपली.

मग सिद्धप्पा रोज तिच्या शेजारी उभा राहू लागला. रोगी बोले, तो मराठीत सांगे. ती बोले, तो कन्नडात. त्याच्या बाह्यांना टिंक्चरचा वास असे. पावसाळा सरला. तिला कन्नड आलं नाही. त्याची सवय तेवढी झाली.

दिवाळीनंतर तो म्हणाला, "उद्यापासून मी येणार न्हाई."

"कामून? रागावलात?"

"मी हाय तवर तुम्हाला कन्नड येणार न्हाई. दोनच शब्द घ्या — 'अंद्र एनु?', मराठीत 'म्हणजे काय?' अडलात की समोरच्यालाच विचारा."

"आणि तुम्ही?"

"खिडकीत हाय की. तिथून दिसता तुम्ही."

ती विचारू लागली. भाजीवालीला, टांगेवाल्याला, रोग्यांना. लोक हसत, मग हौसेनं समजावत. संक्रांतीच्या सुमारास तिनं गोळ्या न घेणाऱ्या एका पैलवानाला अस्सल कन्नडात झापलं. खिडकीत सिद्धप्पाच्या हातातली बाटली भरून वाहिली...

परीक्षेत साहेबांचा एक शब्द तिला कळला नाही. "अंद्र एनु?" तिनं शांतपणे विचारलं. साहेबांनी अर्थ सांगितला. तिनं तोच शब्द वापरून उत्तर दिलं.

पास!

बातमी ऐकून सिद्धप्पा म्हणाला, "नम्म मनिगि बर्री." घरी या.

कन्नडात 'आमच्या'ला आणि 'आपल्या'ला एकच शब्द — नम्म.

"आमच्या घरी, की आपल्या?"

"मी शिकवणं सोडलंय, अनसूया. तुम्हीच ठरवा."

"आपल्या," ती म्हणाली.

रविवारी सिद्धप्पानं आईला, सावित्रम्मांना, लग्नाचं सांगितलं. "नोडोण," त्या म्हणाल्या. बघू. कमलनगरला, अनसूयेच्या घरी, अजून कळवलेलं नाही.