राखेनं घासलेला पॅन

"याले राख लावू नका जी. पार खराब होऊन जाईन," नॉनस्टिक पॅन कागदात गुंडाळताना भांडेवाल्या प्रणितनं बजावलं होतं. दिव्यानी नुसती हसली होती. भांडं राखेनं नाही घासायचं, तर कशानं?

अहेरीच्या आठवडी बाजारातली ती पहिली गाठ. तिची आचल तीन वर्षांची, अंगानं काडी. रोज एक अंडं द्या, असं नर्सबाईंनी सांगितलेलं. सासू गिरजाबाईंच्या गळ्यात माळ. दिव्यानीचा नवरा गेल्यापासून दोघी एकमेकींना धरून होत्या, पण घरातल्या चुलीवर अंडं चढणार नाही म्हणजे नाही! म्हणून आंगणात वेगळी शेगडी, वेगळा पॅन... आणि तो पॅन रोज तीनदा राखेनं घासायचा गिरजाबाईंचा नेम.

दोन आठवड्यांनी, बाजाराच्याच दिवशी, आचलच्या आमलेटात काळे कण दिसले. आमलेट फेकून दिव्यानी तडक बाजारात गेली.

"काय विकलं हे? माझी पोरगी खाते यात!"

प्रणितनं पॅन उन्हात धरला, बोट फिरवलं. "राख?"

"सासू घासते. रोज तीनदा."

"इतकं घासलं तर मानूसबी नाई टिकनार."

"मानूस नाईच टिकला," ती म्हणाली.

त्याची मान खाली गेली. मग हळूच त्यानं नवे पॅन पुढं मांडले. "आता नीट पाहून घ्या. बूड जाड पाह्यजे. सपाट ठेवून पाहा, डुगडुगते का. एका अंड्याले लहानच बरा. रिकामा तापवू नका, उलथनं लाकडी वापरा." दुकानातल्या शेगडीवर त्यानं अंडं फोडलं. पॅन तिरपा केला, तसं ते अलगद घसरलं. "पाहा, कुठीच अडकत नाई."

"तुमी मात्र माझ्याकडे पाहून अडकले," ती बोलून गेली... आणि कानापर्यंत लाल झाली.

मग दर बाजारी ती जाऊ लागली. एक दिवस शेजारच्या गुणाबाईंनी भर गल्लीत टोकलं, "काऊन वं, दर आठवड्याले पॅनच बिघडते का तुझा?"

"पॅन ठणठणीत आहे, मावशी. मी प्रणितले भेटाले जाते."



"लोक काय म्हनतीन?" घरात गिरजाबाई पुटपुटल्या.

"अंड्याच्या वेळीबी हेच म्हनलं होतं तुमी, आई. आचल दीड किलो वाढली."

पुढच्या बाजारी प्रणित पॅन पुसत राहिला, पुसतच राहिला. "आरमोरीले आमच्या घरी एकच चूल आहे. सगळं तिच्यावरच शिजते. तुमी अन् आचल तिथी—"

"सांगून राह्यले, का विचारून राह्यले?"

"विचारून."

"मंग हो."

लग्नानंतर आरमोरीला निघायच्या दिवशी दिव्यानी आंगणात पॅन शोधत होती. गिरजाबाई तो घेऊन आल्या घरातून, मऊ लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून. "राख नाई लावली," एवढंच म्हणाल्या आणि तोंड फिरवलं.

दिव्यानी आरमोरीहून रोज फोन करते. म्हातारी रोज सांगते, "जेवली." दिव्यानीला ते खरं वाटत नाही. तुम्ही अहेरीकडं गेलात, तर तेवढं गिरजाबाईंच्या आंगणात डोकावा. जेवलात का, असं विचारू नका... चूल पेटली आहे का, ते पाहून या.