पुढच्या सीटचा रिवाज

कुणाचाही विश्वास बसणार नाही, पण अख्ख्या व्हर्जिनियात वाहतुकीच्या नियमामुळे प्रेमात पडलेला माणूस मी एकटाच. हसू नका, कॉफी प्या.

तेव्हा वॉशिंग्टनच्या हायवेवर एक लेन फक्त निदान तिघं बसलेल्या गाडीला मोकळी असे. शेजारच्या तुंबलेल्या लेनमधल्यांची दाढी शहराच्या वेशीवरची नदी येईपर्यंत वाढून छातीवर रुळायची. आम्ही असे सुसाट, की माझी सावली मागाहून ऑफिसात पोचायची! हा लोवेल – आता पॅनकेक हाणतोय तो – माझा शेजारी. घरूनच मागे बसायचा. तिसरं माणूस स्प्रिंगफील्डच्या बसस्टॉपवरच्या रांगेतून घ्यायचं. अनोळखीच. पैसे घ्यायचे नाहीत, आणि गाडीवाला बोलल्याशिवाय बसणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, हा रिवाज.

एका भुरभुर पावसाच्या मंगळवारी डेल्फीन बसली. नाव तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर वाचलं. गाडीत ओल्या लोकरीचा वास, संत्र्याचा वास… आणि माझं ते पुढचं दार, दोनदा आपटल्याशिवाय न लागणारं. तिने ते आपटलं आणि ओशाळून हसली.

मग रोज तीच. नंतर लक्षात आलं – माझी गाडी दिसेपर्यंत ती मागच्यांना पुढे सोडायची!

लोवेलला काही विचारू नका. तो टोपी तोंडावर ओढून घोरायचा. मी मात्र एके दिवशी म्हणालो, "बाहेर एवढं काय बघता?"

"खांब मोजते," ती म्हणाली. "तीन महिने झाले. दुसरं काम काय? तुम्ही बोलत नाही, मला बोलायची सोय नाही."

"किती भरले?"

"तुम्ही माझ्याकडे चोरून बघता, तेव्हा चुकतात…"

"मी? मी तर आरशात बघतो."

"आरसा मागे बघायला असतो, साहेब. तुमचा माझ्याकडे वळलाय!"

दोन वर्षं असं चाललं. मग तिची बदली झाली, पार सिएटलला. शेवटच्या सकाळी पेंटागॉनपाशी उतरताना ती दार धरून थांबली. मी म्हणालो, "जाऊ नकोस." तिचे डोळे भरले. म्हणाली, "हे आधी म्हणाला असतास तर–" आणि माझ्या गालावर ओठ टेकवून गेली.

आता त्या लेनमध्ये टोल भरला की एकट्यालाही सोडतात. मी भरतो. शेजारची सीट रिकामी… पण ते दोन शब्द तरी बोललो होतो, एवढं समाधान–

"एमेट," लोवेलने काटा खाली ठेवला. "मी झोपायचो नाही रे."

"घोरायचास तू!"

"तुम्हा दोघांना मोकळं वाटावं म्हणून. दोन वर्षं खोटं खोटं घोरलो, आणि तू एक शब्द बोलला नाहीस. खांबांचं काय, आरशाचं काय… काही नाही."

"शेवटच्या दिवशी तरी–"

"थांबली होती ती. दार धरून, पावसात. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या तरी हलेना. तू बोललास खरा."

"बघ! मी म्हणत नव्हतो?"

"'दोनदा आपटा,' म्हणालास. 'नीट लागत नाही.'"