पुढच्या सीटचा रंग

"रंग माझा आहे, बाई. पण डाग माझ्यामुळे नाही."

दारातच उभं राहून प्रल्हाद हे बोलला, आणि मुकुलला वाटलं, हा माणूस आता रडणार. रडला नाही. बसला मात्र मटकन.

प्रल्हाद जुन्या मोटारींच्या आतलं चामडं रंगवायचा. लहुराबीरच्या गॅरेजांच्या गल्लीत त्याचं दुकान, आणि काशीत त्याच्या घराची ही पाचवी पिढी. शरदिनीमावशीनं पंचवीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं होतं; आता ती लोकांच्या भानगडी उलगडून द्यायची. मुकुल तिचा भाचा. बँकेत नोकरी, आणि सुट्टीच्या दिवशी मावशीची पिशवी धरणं.

"पहिल्यापासून सांग," मावशी म्हणाली.

"डॉक्टर पुणतांबेकरांची फियाट. शनिवारी दुपारी काम पुरं करून दिली. रविवारी डॉक्टरांचं वर्षश्राद्ध. गोदौलियापर्यंत गाडीनं आणि पुढं पायी, असे घरचे दशाश्वमेध घाटावर गेले. येताना डॉक्टरांच्या बायकोचा, प्रभाकाकूंचा, पदर ओला, त्या पुढच्या सीटला टेकून बसल्या. घरी उतरल्या तर पांढऱ्या साडीच्या पाठीवर तळहाताएवढा लाल डाग! श्राद्धाच्या दिवशी, बाई! त्यांच्या मुलानं, निमिषनं, आमच्या गल्लीत येऊन बोंब मारली, 'ये आदमी नकली रंग लगाता है.' दोन गाड्या परत गेल्या. आणखी आठवडाभर हेच चाललं तर दुकानाला टाळं लावीन मी."

"वरचं पक्कं कोटिंग दिलं होतंस?"

"सगळ्या सीटांना, एकाच डब्यातलं. तीन-तीन हात."

"आणि रंगाच्या आधी?"

प्रल्हाद जरा घुटमळला. "पुढच्या पाठीला खोलगट ठसा पडला होता. खड्डे बुजवायची लांबी भरली, घासून सपाट केला. हे कुणाला सांगितलं नाही. झाकलेलं व्यंग कारागीर सांगत फिरतो होय?"

मैदागिनजवळच्या गाडीच्या शेडचं कुलूप निमिषनं उघडलं. रेल्वेत होता तो. शनिवारी प्रयागराजला ड्यूटी करून रविवारी पहाटे परतलेला.

"बघा काय बघायचंय ते," तो तुटकपणे म्हणाला. "त्या दिवशीच सीटवर ताडपत्री टाकली मी. आईला पुन्हा बघूच दिलं नाही. बाबा पस्तीस वर्षं ड्रायव्हरशेजारी तिथंच बसले. पाठीचा ठसा होता त्यांच्या. आईच म्हणाली, चामडं फाटायला लागलंय, रंगवून घे. आणि हे असं!"

"शेडच्या किल्ल्या किती?"

"एक माझ्याकडे. दुसरी घरी, दूधविनायकला, खुंटीवर."

मावशीनं ताडपत्री उचलली. बसायची गादी लखलखीत. पाठीच्या मधोमध मात्र रंग उडालेला, कडेच्या शिवणीत पक्का. मागच्या सीटच्या कोपऱ्यात तिनं ओलं फडकं घासलं. फडकं पांढरंच राहिलं. मग पिशवीतल्या बाटलीतलं स्पिरिट लावून घासलं. फडकं लाल!

"अहो, काय करताय!" निमिष ओरडला.

"डागाला विचारतेय," मावशी म्हणाली. मग चिमट्यानं पुढच्या शिवणीतून एक पांढरा तंतू ओढून काढला. त्याला काळसर कण चिकटलेला होता.

"प्रल्हादच्या फडक्याचा धागा," मुकुल आत्मविश्वासानं म्हणाला.

"फडक्यात सरकी असते का रे, विद्वाना?"

डॉक्टरांचे थोरले भाऊ यज्ञेश्वरशास्त्री रामघाटावर भेटले. श्राद्धासाठी शनिवारी ते दूधविनायकलाच मुक्कामाला होते.

"चामड्याला मी शिवत नाही. त्या दिवशीही पायीच गेलो," ते म्हणाले.

"आणि भावजय चामड्यावर बसली तर?"

"तो तिचा प्रश्न. फार तर गंगाजल शिंपडलं असतं मी. सोवळ्यातला माणूस गाडी घासत बसेल का हो, बाई?"

प्रभावतीबाई घरी देवापुढं वाती वळत होत्या. मांडीवर देवकापूस, त्या बोटांनी सरकी वेचून बाजूला टाकत होत्या. भिंतीशी डॉक्टरांचं औषधांचं कपाट, बाटल्यांसकट, जसंच्या तसं.

"त्या बिचाऱ्याला आणखी छळू नका," त्या वर न बघता म्हणाल्या. "झालं ते झालं. वर रंग राहिला नाही, आणि खाली तरी काय? नुसतं गुळगुळीत. ह्यांची खूणसुद्धा नाही."

मावशी लगेच उठली. जिना उतरताना मुकुल म्हणाला, "निमिषच असणार. गाडी विकायची असेल."

"निमिष प्रयागराजला होता. उद्या सगळ्यांना इथंच बोलाव. प्रल्हादलाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे जमले. मावशीनं आवाज चढवला नाही.

"प्रल्हादनं कोटिंग दिलं नसतं तर सगळ्याच सीटा उतरल्या असत्या. उतरला एक तळहात. बरं, भेसळ असती तर शिवणीतलाही रंग गेला असता. तो पक्का आहे. म्हणजे काम नीट झालं होतं, आणि नंतर कुणीतरी हातानं घासलं. पाण्यानं नाही; पाण्याला कोटिंग दाद देत नाही. म्हणून गंगाजल बाद, शास्त्रीबुवाही बाद. स्पिरिटनं मात्र ते विरघळतं. आणि एकदा ते गेलं, की ओल्या पदराला रंग लागणारच."

"स्पिरिट तर कुणाकडेही मिळेल," निमिष म्हणाला.

"पण बोळा देवकापसाचा होता, सरकी राहून गेलेला. गॅरेजात वाती वळत नाहीत." मावशी थांबली. "तरी माझी खात्री झाली ती कालच्या एका वाक्यानं. ठसा बुजवून सपाट केलाय, हे प्रल्हादनं कुणाला सांगितलं नव्हतं. डाग पडल्यावर सीट झाकलेली. मग रंगाखाली गुळगुळीत आहे हे कुणाला कळेल? ज्यानं रंग काढून पाहिलं त्यालाच."

निमिषनं आईकडे पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला.

"शनिवारी संध्याकाळी गेले होते मी," प्रभावतीबाई म्हणाल्या. आवाज अगदी कोरडा. "रंगव म्हणून मीच सांगितलं. दार उघडलं, तर सीट कुणा परक्याची वाटली. वाटलं, वरचा रंग पुसला की खाली ते असतील. ह्यांच्या कपाटातलं स्पिरिट होतं. घासलं, घासलं... तर खाली कुणीच नाही. मग भीती वाटली, तशीच परत आले."

"आणि रविवारी त्याच जागी पाठ टेकलीस?" शास्त्रीबुवांनी हळूच विचारलं.

"दुसरीकडे कुठं टेकू, भाऊजी?"

मुकुलला कुठं बघावं कळेना. मावशीचा स्वर मात्र ढळला नाही. "दुःख तुमचं खरं, प्रभावतीबाई. पण तुम्ही गप्प राहिलात आणि शिव्या ह्यानं खाल्ल्या."

"लाज वाटली हो. श्राद्धाच्या आदल्या दिवशी बाई बोळा घेऊन गाडी घासत होती, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?" त्यांनी डोळे पुसले. "निमिष, रिक्षा बोलाव."

"आई, मी जाऊन सांगतो ना. ओरडलो मी होतो."

"तू ये. पण बोलेन मी."

लहुराबीरच्या गल्लीत हातोडे चालू होते. पांढऱ्या साडीतली ती बाई चहाच्या टपरीसमोर उभी राहिली, तसे ते एकेक करून थांबले. तिचं हिंदी सत्तर वर्षांचं बनारसी, पण त्या घडीला शब्द अडखळले.

"भइया लोग, सुनिए. रंग मैंने बिगाड़ा. अपने हाथ से. प्रल्हाद का काम सच्चा था, और मैं जानकर चुप रही."

निमिष खाली मान घालून तिच्या शेजारी उभा राहिला. "और गाली मैंने दी थी," तो म्हणाला.

प्रल्हादनं दुकानातून स्टूल आणलं, गळ्यातल्या गमछ्यानं पुसलं आणि काकूंपुढे ठेवलं.