राखून ठेवलेलं नवल

डिसेंबर लागला तशी नाना तुस्कानोंच्या घरातली पुढची खोली बंद झाली. आत नाताळचा गोठा बांधला जात होता, आणि पाच वर्षांच्या नातीला, जेनिसाला, तो दिसता कामा नये, असं घरात ठरलं होतं.

वसईतल्या त्यांच्या वाडीत असं पूर्वी कधी झालं नव्हतं. गोठा म्हणजे पोरांचंच काम. माती कालवायची, गवतासाठी ताटलीत नाचणी पेरायची, कोंब फुटले का ते जाता-येता बघायचं. या वर्षी नाचणी नानांनी एकट्यानेच पेरली. संध्याकाळी घरोघरी चांदण्यांचे कंदील लागले की त्यांची सून शर्लिन मुलीला मागच्या दाराने घरात आणायची. कॅरल म्हणणारी मंडळी आली, तेव्हा नानांच्या मुलाने, ग्रेगरीने, त्यांना फाटकातूनच परत पाठवलं.

हे सगळं भावदुव्यासाठी चाललं होतं. टिकलीएवढी एक चकती मुलीच्या कपाळावर लावायची आणि तशाच चकत्या बाकीच्यांनी कानामागे. मग तिच्या मनात जे उमटेल ते सगळ्यांच्या मनात उमटायचं. ग्रेगरी असली यंत्रं बसवण्याचंच काम करी. त्याने वडिलांना समजावलं होतं, की मेंदू पुढे काय येणार याचा सारखा अंदाज बांधत असतो. तो चुकला आणि चुकलेलं आवडलं, की जी लहर उठते तिला आपण नवल म्हणतो. मोठ्या माणसांचे अंदाज फारसे चुकत नाहीत, म्हणून त्यांना नवल वाटेनासं होतं.

नानांना ते लगेच पटलं. बायको गेल्यापासून त्यांच्या मनात कसलीच लहर उठली नव्हती. पावसाळा सरता सरता ग्रेगरीने एकदा सहज चाचणी म्हणून जेनिसाला आणि त्यांना चकत्या लावून दिल्या. तेवढ्यात जेनिसाला विहिरीच्या कठड्यावर गोगलगाय दिसली. मुलीने बोट पुढे केलं, गोगलगायीने शिंगं आत ओढली, आणि इकडे नाना केळीच्या बुंध्याला धरून रडले. जन्मभर पायाखाली आलेला तो प्राणी त्यांना पहिल्यांदाच दिसला होता.

नाताळला सगळ्यांनीच दुवा लावू या, हे मग त्यांनीच सुचवलं. पुढचं शर्लिनने ठरवलं. नवल आधीच थोडं थोडं संपून गेलं, तर ऐन दिवशी काय उरणार?

जेनिसा बंद दाराला कान लावून बसायची. आत कोण आहे, असं तिने एकदा विचारलं. कोणी नाही, असं नानांनी सांगितलं. मग तिने विचारणंच सोडलं. पोर शहाणी झाली, असं नानांना वाटलं.

नाताळच्या सकाळी, चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर, सगळे पुढच्या खोलीत बसले. नानांची बहीण मोना चकती लावताना कुरकुरली, "आमच्या वेळी पोरं गोठा बघायची, दादा. पोरांकडे बघत बसायला कोणाला वेळ होता?" शर्लिनने मुलीला दाराशी आणलं, कपाळावर चकती लावली आणि फ्रॉकची नाडी सारखी केली.

"छान बघ हं, बाळा. तुझ्यामुळे आम्हा सगळ्यांना मिळणार आहे."

पडदा सरला. काटक्यांचं छप्पर, हिरवीगार नाचणी, आरशाच्या तुकड्याचं तळं, गव्हाणीत बाळ येशू. नानांनी डोळे मिटून घेतले.

आधी काहीच आलं नाही. मग पोटात गोळा आला. तळहात ओले झाले, घशाला कोरड पडली.

"हे काय गं? परीक्षेला बसवल्यासारखं," मोना पुटपुटली. ग्रेगरी म्हणाला की जुळणी बिघडली असणार, आणि तो हातातल्या नियंत्रणपट्टीवर काहीतरी चाचपू लागला.

नानांनी डोळे उघडले. जेनिसा गोठ्याकडे बघतच नव्हती. ती आईच्या, बाबांच्या, आत्याआजीच्या आणि मग त्यांच्या तोंडाकडे बघत होती. यंत्र अगदी बरोबर चाललं होतं.

"किती छान!" मुलगी मोठ्याने म्हणाली आणि तिने टाळ्या वाजवल्या. सगळ्यांच्या पोटातला गोळा आणखी जड झाला. मग ती नानांच्या गुडघ्याशी येऊन उभी राहिली.

"नाना, तुम्हाला आलं?"

"आलं. खूप आलं," नाना खोटं बोलले.

गोळा एकदम विरघळला. मागे एक थकलेला मोकळेपणा उरला. नानांना तो ओळखीचा होता. दिवसभर राबून वाडीतल्या फुलांच्या टोपल्या बाजारच्या गाडीत चढवल्या, की त्यांना असंच वाटायचं.

बाकीच्यांनी चकत्या काढून टाकल्या. पुढच्या वर्षी दार नोव्हेंबरपासूनच बंद ठेवू, असं शर्लिन म्हणाली, ग्रेगरीने मान डोलावली, आणि सगळे करंज्यांकडे वळले. मुलीच्या कपाळावरची चकती काढायचं मात्र कोणाच्याच ध्यानात राहिलं नाही.

खोलीत आता दोघंच होते. कोणी काही विचारत नाही, हे बघून जेनिसा गोठ्यापुढे उकिडवी बसली. मातीच्या मेंढपाळाच्या खांद्यावर एक मुंगी चढत होती. टोपीच्या टोकाशी ती थबकली आणि तिने मिशा हलवल्या. मुलीने श्वास रोखला.

नानांच्या आत कुठेतरी बारीकशी हालचाल झाली. ती आपली नाही, हे त्यांना ठाऊक होतं. हात कानामागे गेला, चकतीच्या कडेला नख टेकलं. काढणं काहीच अवघड नव्हतं. एवढी लहर येऊन जाऊ दे, मग काढतो, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

आणि ही मुंगी उतरल्यावर दुसरी आली तर?