सतरा पाइपांची आखणी

रोहा-पेण एसटीत चढले, तर मधल्या वाटेत गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी आडवं झोपवलेलं! चांगलं सहा फूट लांब. कंडक्टर कावला होता, "याचं पण तिकीट काढा" म्हणत होता, आणि शेजारी उकिडवा बसलेला एक चष्मेवाला सगळ्यांना हात जोडत होता. मी आपली पिशवी त्या गोधडीवर टेकवली, तर तो केवढ्यानं ओरडला.

"अहो, टेकू नका! पोचा येईल त्याला."

"कोणाला?"

"म्हणजे… पाइपाला."

मी भांडकुदळ आहे, हे आधीच सांगून टाकते. "पाण्याच्या पाइपाला गोधडी? थंडी वाजते वाटतं त्याला?"

"पाण्याचा नाही हो, ऑर्गनचा. मुंबईच्या चर्चमधला." त्यानं चष्मा सारखा केला. "दीडशे वर्षांचा आहे. कथील आणि शिसं. नख लागलं तरी खूण उमटते."

त्यानं गोधडीचं टोक उलगडून दाखवलं. राखाडी धातू, त्यावर उडालेला निळा रंग, कुठे सोनेरी वेलीचा तुकडा. वेल अशी नाजूक काढलेली की माझं भांडणच विसरायला झालं. कोणी काढली असेल ही? ब्रश किती बारीक असेल?

"हमरापूरला विठूशेठ म्हणून आहेत, गणपतीचा कारखाना आहे त्यांचा," तो सांगत होता. "त्यांच्याकडे मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा हात फार सुंदर आहे म्हणतात. असे सतरा पाइप रंगवायचेत. तुम्हाला माहितीयेत का ते?"

"विठूशेठ माझे बाबा. आणि तो हात माझा."

त्यानं माझ्या हाताकडे बघितलं. नुसतं बघितलं… पण नागोठणं येईपर्यंत मी हात ओढणीखाली घेऊन बसले होते. इश्श, मला तर कधी असं होत नाही!

त्याचं नाव सुश्रुत. राहायला रोह्याजवळ वरश्याला. मुंबईत डिमेलो अंकल म्हणून एक म्हातारे ऑर्गन दुरुस्त करायचे, त्यांच्या हाताखाली सात वर्षं काढलेली. अंकल गेले, आणि त्या चर्चच्या ऑर्गनची दुरुस्ती यानंच हातात घेतली. चर्चचं नाव मी सांगत नाही, फादरनी तसं बजावलंय.

गणपती होऊन गेले होते, कारखाना रिकामा होता. बाबांनी पाइप उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, "सुरभी, काम जोखमीचं हाय गो. करशील?" मी करणार होतेच. टेम्पोनं बाकीचे सोळा आले, काही माझ्याहून उंच, काही हाताएवढे.

दर बुधवारी सुश्रुत यायचा. काम बघायला म्हणून यायचा, आणि स्टुलावर बसून त्या ऑर्गनच्या गोष्टी सांगत बसायचा. पहिला ऑर्गन बोटीनं आला, चौदा पेट्यांमधून. एका पेटीत समुद्राचं पाणी शिरलं आणि लाकूड फुगलं, तर चर्चमधल्या सुतारांनी सागवानाचे पाइप नव्यानं बनवले. भाता हातानं ओढायला लागायचा. लांबलचक प्रवचन चालू असताना भातेवाला झोपला, तर पुढच्या गाण्याला ऑर्गनमधून हूं की चूं निघायचं नाही. पन्नासेक वर्षांनी दुसरा, मोठा ऑर्गन आला. पहिला मोडीत काढायचा ठरला होता. पण लोकांनी हट्ट धरला, आमच्या लग्नांत वाजलेला आहे तो! मग त्याचे सतरा पाइप नव्याच्या दर्शनी बाजूला बसवले.

"म्हणजे हे सतरा?"

"हेच. आणि हे नुसते शोभेचे नाहीत, वाजणारे आहेत. पण गेली वीस वर्षं ऑर्गनच बंद आहे. कमिटी म्हणते इलेक्ट्रॉनिक आणू, कटकट नको. फादरनी माझ्यासाठी मुदत मागून घेतलीय. चर्चच्या सणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी चार वाजता, कमिटी ऐकायला येणार. वाजला तर राहील."

"आणि नाही वाजला तर?"

"तर पाइप उतरवणार."

तो हे अगदी साधेपणानं बोलला, पण हातातला चहा तसाच राहिला होता. मी तेव्हाच मनाशी ठरवलं, हा ऑर्गन वाजणार. का ठरवलं ते विचारू नका… ऑर्गनसाठी ठरवलं म्हणा.

"तुम्ही ब्रश उचलताना श्वास रोखता," एकदा तो म्हणाला.

"आखणी करताना रोखावाच लागतो."

"आत्ता तर ब्रश खाली ठेवलाय."

"मग तुम्ही जरा लांब बसा!" मी म्हटलं. तो हसला, आणि स्टूल मात्र जवळ घेतलं. चावट मेला.

निळा, किरमिजी, सोनेरी. वेल पुन्हा उमलली. शेवटच्या दिवशी मी एकेक पाइप उन्हात धरून तपासला. ऑर्गनच्या पाइपाला खाली तोंड असतं, दोन ओठ आणि मध्ये फट. त्या फटीतल्या कडेवर मला बारीक बारीक खाचा दिसल्या. सतराच्या सतरा पाइपांना! आमच्या धंद्यात मूर्तीवर ओरखडा दिसला की भरायचा, हे लहानपणापासून हाताला लागलेलं असतं. ओठ आणि डोळे तर आधी. मी खडू आणि डिंकाची लांबी मळली आणि सगळ्या खाचा भरून काढल्या. इतक्या सफाईनं, की माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

सणाच्या त्याच आठवड्यात, मंगळवारी टेम्पो वरश्याला गेला. बुधवारी सकाळी मी फोन केला.

"कसे वाटले?"

"सुंदर आहेत," सुश्रुत म्हणाला, पण आवाज पडलेला.

"सुश्रुत, काय झालं?"

"काही नाही. थोडं… माझं चुकलं. मी फादरना कळवलंय."

मी पुढची एसटी पकडली. वरश्याला त्याच्या घरामागे पत्र्याची शेड आहे, तिथे एक छोटा भाता आणि पाइप लावून बघायची पेटी. त्यानं पाइप लावला, भाता सुरू केला. फुस्स… नुसती हवा. दुसरा लावला, तोही तसाच.

"त्या खाचा मुद्दाम पाडलेल्या असतात," तो खाली बघत म्हणाला. "त्यांच्यामुळे पाइप नीट बोलतो. मी तुम्हाला सांगायला हवं होतं. म्हणून फादरना म्हटलं, चूक माझी आहे, कमिटीला तसं सांगा."

माझे कान तापले. आधी लाजेनं, मग रागानं.

"लांबी मी भरली ना? मग चूक तुमची कशी? मोठे आले पांघरूण घालणारे! विचारायचं मला सुचलं नाही, ते माझं चुकलं. लावा फोन फादरना."

"सुरभी…"

"लावा म्हणते ना!"

फादर शांतपणे ऐकत होते. मी सगळं सांगितलं, मी कोण, मी काय केलं. शेवटी म्हटलं, "फादर, शनिवारी चार वाजता कमिटीला येऊ द्या. पाइप बोलतील."

"नक्की?" त्यांनी विचारलं.

"मी मुकं केलंय, मीच बोलतं करणार."

फोन ठेवल्यावर मात्र हिशोब केला. सतरा पाइप, एकेकाला तीस-चाळीस खाचा, आणि धातू असा मऊ की सुई जरा जोरात लागली तर खाच कायमची बिघडणार. सुश्रुत म्हणाला, "माझा हात इतका स्थिर नाही." मी म्हटलं, "माझा आहे."

नशीब, आतून वॉर्निश मारलं नव्हतं. कोमट पाण्यात सर्वांत बारीक ब्रश बुडवायचा, खाचेतला डिंक भिजू द्यायचा, मग सुईच्या बोथट बाजूनं अलगद उचलायचा. एक खाच. मग पुढची. सुश्रुत भिंग आणि दिवा धरून बसायचा. इतक्या जवळ, की त्याचा श्वास माझ्या मनगटावर लागायचा.

"लांब बसू का?" त्यानं हळूच विचारलं.

"हलायचं नाही!" मी म्हटलं.

त्याची आई, विमलताई, शाळेतून रिटायर झालेल्या. दुपारी वालाची उसळ आणि भाकरी घेऊन आल्या, माझ्याकडे बघितलं, लेकाकडे बघितलं. "हिला जेवायला तरी सोड रे," म्हणाल्या, आणि घास माझ्या तोंडाशी धरला, कारण माझे हात ओले होते. मला एकदम रडूच आलं. मी पाणी डोळ्यांत उडालं म्हणून सांगितलं.

बुधवारी संध्याकाळी पहिला पाइप पेटीवर लावला. भाता सुरू झाला. आधी फुस्स, मग खरखर… आणि मग तो बोलला! जाडसर, गोल, छातीत जाऊन बसणारा आवाज. आम्ही दोघं वेड्यासारखे हसत सुटलो, आणि त्यानं माझा हात धरला. धरला तो भात्यातली हवा संपेपर्यंत सोडला नाही. तिथून पुढे आम्ही एकमेकांना अरे-तुरे करायला लागलो, कोणी आधी केलं ते आठवत नाही.

शुक्रवारी दुपारी सतरावा संपला. माझी बोटं सुजली होती, डोळ्यांपुढे खाचाच दिसत होत्या. त्याच रात्री टेम्पोनं मुंबई गाठली आणि सुश्रुतनं पाइप जागच्या जागी बसवले.

शनिवारी चार वाजता खाली बाकांवर कमिटीची नऊ माणसं. वर माळ्यावर ऑर्गन, त्याच्या पट्ट्या वाजवायला फादर बसलेले. सोळा पाइप बोलले. सतरावा, सर्वांत मोठा, शेडमधल्या पेटीवर न मावलेला, फुस्स झाला.

खाली कुजबुज सुरू झाली. कोणीतरी बाकावरून उठायला लागलं. सुश्रुत ऑर्गनच्या आत होता, त्याचा चेहरा मला फटीतून दिसला, पांढराफटक.

"थांबा!" मी कठड्यावरून ओरडले. "पाच मिनिटं. कोणी उठायचं नाही!"

आत एका माणसाचीच जागा. मी घुसले. धूळ, जाळी, आणि सुश्रुतचा खांदा माझ्या खांद्याला. पाइपाच्या तोंडाशी दिवा धरला. कोपऱ्यातल्या एका खाचेत तिळाएवढा खडू राहिला होता. सुजलेल्या बोटांत सुई ठरेना. सुश्रुतनं माझं कोपर आपल्या तळहातावर घेतलं. हात स्थिरावला. श्वास रोखला, सुई घातली, कण निघाला.

"फादर, पट्टी दाबा!" सुश्रुत ओरडला.

आणि काय सांगू… अख्खा ऑर्गन थरारला. लाकूड, जमीन, माझे दात. त्या आवाजात आम्ही दोघं चिकटून उभे, आणि सुश्रुतच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. तेव्हा माझ्यानं राहवलंच नाही.

"मला तू आवडतोस!" मी म्हटलं.

"काय?"

"मला तू आवडतोस!!" मी जीव खाऊन ओरडले, आणि नेमकी त्याच वेळी फादरनी पट्टी सोडली.

"आवडतोस" चर्चभर घुमलं. खाली नऊ माना वर वळल्या.

पळून जायला जागा नव्हती, आणि जायचंही नव्हतं. अर्धवट काम मला जमत नाही. मी फटीतून तोंड बाहेर काढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हटलं, "सुश्रुत, मला तू आवडतोस. आता तू बोल."

तो जाळ्यांत उभा. ओठ हलले, आवाज नाही.

"बोल बाबा," पलीकडून फादर म्हणाले. "सतरा बोलले, तू का मुका?"

"सोमवारी…" सुश्रुतनं घसा साफ केला. "सोमवारी आईला घेऊन हमरापूरला येतो. विठूकाकांना विचारायला."

"बाबांना नंतर. आधी मला विचार."

त्यानं चष्मा काढला. धुळीनं भरलेल्या हातांत माझी सुजलेली बोटं घेतली, जपून. आणि विचारलं.

मी "व्हय" म्हटलं.