मागच्या सीटवरचा पाहुणा

सोनमाळच्या प्रशिक्षणतळावर मे महिन्याची दुपार तापली होती. चार आसनी विमानात, पुढच्या काचेखाली बसवलेला धावअंदाजक हिरव्या अक्षरांत सांगत होता: ७१० मीटर. एवढ्या अंतरात विमान जमीन सोडून बाभळींच्या शेंड्यांएवढं उंच जाईल. बाभळी होत्या साडेसातशेवर.

हे यंत्र घडवणाऱ्या डॉ. सुनीती रेगे आज पहिल्यांदाच त्याच्यासोबत उडणार होत्या. त्या मागे बसल्या होत्या. पुढे विद्यार्थिनी शर्वाणी आणि तिचे शिक्षक कॅप्टन घारपुरे.

ऊन चढलं की हवा विरळ होते, पंखांना आधार कमी मिळतो, धाव लांबते. वजनानंही लांबते. हे सगळं यंत्राला ठाऊक होतंच. शिवाय त्याला स्वशिक्षण होतं. दर उड्डाणानंतर ते आपला अंदाज खऱ्या धावेशी ताडून पाही आणि चूक सुधारी.

"पहिले तीन महिने फारच लांब धाव सांगायचं," हेडफोनमधून बाईंचा आवाज आला. "मग शिकलं. आता मीटरभरही चुकत नाही."

"आमच्यापेक्षा हुशार निघालं म्हणायचं," घारपुरे म्हणाले आणि त्यांनी शर्वाणीला निघायची खूण केली.

विमान धावू लागलं. कडेचं वाळलं गवत आडवं होत मागे पळालं. बाईंच्या मांडीवर वजनाच्या नोंदींची वही होती; तिच्यातलेच आकडे रोज यंत्रात भरले जात. आजच्या पानावर त्या स्वतः होत्या: मागची सीट, पाहुणा, साठ किलो. त्यांनी हसून पान उलटलं. काल: पाहुणा, साठ किलो. परवाही तेच.

"कॅप्टन, काल मागे कोण होतं?"

"कोणी नाही हो."

ती तिथली जुनी रीत होती, घारपुऱ्यांच्या गुरूंनी घालून दिलेली. सीट रिकामी असली तरी पाहुणा लिहायचा. कागदावर धाव लांब दिसते, पोरं जपून राहतात. लेकराच्या झबल्याला शिवणीत दोन बोटं कापड जास्त ठेवावं, तसं.

"आणि आज? माझ्याशिवाय आणखी एक लिहिलात?"

"आज कशाला? आज पाहुणा खराच आला की."

अर्ध्या पट्टीवरचा चुन्यानं रंगवलेला दगड केव्हाच मागे पडला होता. बाईंनी भराभर मागची पानं चाळली; सगळीकडे पाहुणा. तीन वर्षं यंत्रानं मागच्या सीटवरचे साठ किलो वाचले होते, आणि ते कधीच जमिनीवरून उचलले गेले नव्हते. त्यावरून यंत्र एवढंच शिकलं होतं, की पाहुणा नसतो.

"थांबवा," त्या म्हणाल्या. "त्यानं मला मोजलेलंच नाही."

घारपुऱ्यांनी उरलेली पट्टी पाहिली. तेवढ्या जागेत आता विमान थांबणार नव्हतं.

"नाक उचलू नकोस, बाळ," ते शर्वाणीला अगदी हळू म्हणाले. "वेग येऊ दे आधी."

चाकं उठली, टेकली, पुन्हा उठली. समोर बाभळींच्या शेंड्यांवरची पिवळी फुलं एकेक वेगळी दिसू लागली.

काचेखाली हिरवी अक्षरं उमटली: चूक नोंदवली. पुढच्या उड्डाणापासून सुधारणा.