मागे पाहणारा माणूस

ऑरिन वेल्डकॅम्प हा सदुसष्ट वर्षांचा गृहस्थ बुधवारी सकाळी नवाच्या सुमारास आपल्या धक्क्यावर गुडघे टेकून बोटीची कड मऊ फडक्याने पुसत होता. टॅमरॅक तळ्यावर त्या समयी वारा म्हणून नव्हता. पलीकडच्या काठावरील देवदार पाण्यात उलटे उभे होते, आणि घरातून जळलेल्या टोस्टचा वास येत होता. कारण बोट आणि न्याहारी या दोहोंकडे एकाच वेळी लक्ष पुरवणे या एकट्या माणसास कधीच साधले नव्हते.

चाळीस वर्षे त्याने मिशिगनभर लोकांच्या घरांत फरश्या बसवल्या. त्या चाळीस वर्षांचे फळ म्हणजे ही वीस फुटी बोट. पांढरा देह, त्यावर लाल पट्टा, आणि पोटात असे इंजिन की त्याचा गुरगुराट छातीच्या बरगड्यांत ऐकू यावा. गेल्या हिवाळ्यात त्याने ती राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या एका विधवेकडून विकत घेतली. बाईने नांगर दिला, वल्हे दिले, चार लाइफ जॅकेटे दिली. "दोर मात्र मिळणार नाही," एवढे म्हणून तिने दार लावून घेतले. मागचे दिसावे म्हणून चालकापुढे जो आरसा असतो, त्याचीही नुसती खुंटी शिल्लक होती. बाई चिक्कू आहे, असा ऑरिनने निष्कर्ष काढला. त्याला पायांना फळ्या बांधून पाण्यावर घसरणाऱ्या स्कीवाल्यांना दोराने ओढायचे नव्हतेच. त्याला फक्त धावायचे होते.

आणि तो धावला. काठालगत तरंगणाऱ्या पिवळ्या बोयांच्या आत लाट न उठवता गोगलगायीच्या चालीने जावे, असा नियम आहे. जूनमध्ये तो दोनदा तिथून सुसाट गेला. मिसेस आर्डिथ क्विस्ट नामक निवृत्त ग्रंथपाल बाईंचा धक्का दोन्ही वेळा गदगदा हलला, आणि दोन्ही वेळा ऑरिनला दंड झाला. दुसऱ्या खेपेस न्यायाधीश महोदयांनी बजावले की, यंदा तिसरी तक्रार सिद्ध झाली तर ही बोट दोन उन्हाळे पाण्याबाहेर राहील. सदुसष्टाव्या वर्षी दोन उन्हाळे म्हणजे काय, हे ऑरिनला त्याच महिन्यात डॉक्टरांनी हृदयाचा आलेख पुढ्यात धरून निराळ्या शब्दांत सांगितले होते.

शेरीफच्या कचेरीची गस्तीची बोट संथपणे धक्क्याला लागली. आत डेप्युटी लॉर्ना पिएटिला एकटीच होती. ऑरिनने तिच्या बापाच्या घरी फरशी घातली तेव्हा ती त्याच फरशीवर रांगत होती. सबब कमरेला पिस्तूल लटकावणाऱ्या या बाईला तो अद्यापि 'पोरी' असेच म्हणे.

"ये पोरी. म्हातारीचा धक्का बुडाला की काय? मी तर जुलै लागल्यापासून बदकांनासुद्धा आधी जा म्हणतो."

"धक्का ठीक आहे, मिस्टर वेल्डकॅम्प."

"मिस्टर? म्हणजे काम काढलंस."

लॉर्ना हसली नाही. तिने कागद उलगडला. "सहा, नऊ, अकरा आणि चौदा जुलै. दुपारी चारच्या सुमारास. तुमच्या बोटीमागं दोरावर स्की करणारा एक माणूस. पिवळं जाकीट. बोटीत तुम्ही एकटे. मागं पाहणारा कुणी नाही."

या मागे पाहणाऱ्याचे प्रयोजन तळ्यावर पोरासोरांनाही ठाऊक असते. चालकाची नजर पुढे असावी लागते. म्हणून दोरावर माणूस असताना त्याच्याकडे तोंड करून बसणारा दुसरा कोणी बोटीत असलाच पाहिजे.

"कुणाला ओढणार मी?" ऑरिन म्हणाला. "दोर कुठंय माझ्याकडं? शोध. बोट उलटी करून झटक हवी तर."

"अजून एक आहे. तो माणूस क्विस्टबाईंचा अपमान करतो म्हणे. त्यांच्यासमोरून जाताना दर वेळी डोक्यावर हात मारून घेतो. म्हणजे, बाई तुझं डोकं फिरलंय. फार चिडल्यात त्या."

ऑरिन इतक्या मोठ्याने हसला की धक्क्याखालचे मासे पांगले. "हॅ! पुस्तकांवरची धूळ झटकण्यात जन्म गेला हिचा. डोक्यावर थाप म्हणजे शिवी नव्हे गं! इंजिनपुढं ओरडून ऐकू जात नाही, म्हणून त्या खुणा असतात. अंगठा वर, जोरात चल. अंगठा खाली, हळू. आणि डोक्यावर थाप म्हणजे मला घरी ने. धक्क्यावर सोड."

लॉर्नाने ते वहीत लिहून घेतले आणि पेन तसेच धरून ठेवले.

"हे बाईंना ठाऊक नाही," ती म्हणाली.

"नसणारच."

"तसं नाही. ठाऊक नाही, तर मग त्यांनी हे रचलं कुठून?"

ऑरिनने फडके पिळले. त्यातून पाण्याचे चार थेंब पडले. "टीव्हीवर पाहिलं असेल. हे बघ पोरी, शनिवारी चार वाजता ये. मागच्या बाकावर, तोंड मागं करून बस. तळ्याला फेरे मारू. म्हातारीला सांग, दुर्बीण पुसून ठेव. मग तूच लिही काय दिसलं ते."

मधल्या दोन दिवसांत त्याने बोट नखशिखांत तपासली. अपराध नसलेला माणूस तपासणीला भीत नाही, अशी त्याची धारणा होती. एकट्या माणसाच्या मानाने तेल अंमळ जास्त जळत होते. त्याने इंजिनाला बोल लावला. डावीकडे वळताना बोटीचा मागचा भाग बाहेर ओढला जाई. त्याने पाण्याखालच्या पंख्याला बोल लावला. बोटीच्या मधोमध दोर अडकवण्याचा जो खांब असतो, त्याची कडी मात्र मागच्या अंगास आरशासारखी लखलखत होती, आणि पुढच्या अंगास काळवंडलेली होती. त्याने फडके घेऊन पुढचे अंगही घासून लखलखीत केले. मग त्याचे समाधान झाले.

शनिवारी लॉर्ना बरोबर चारला आली. आपली बोट तिने धक्क्याच्या बाहेरच्या खांबाला बांधली आणि ऑरिनच्या बोटीत येऊन मागे तोंड करून बसली. दोघांच्या पाठी एकमेकांकडे झाल्या.

या तळ्यावर वेगाच्या बोटींनी घड्याळाच्या काट्यांविरुद्ध फिरावे असा दंडक आहे. अर्थात उलटी प्रदक्षिणा. ऑरिनने बोयांपर्यंत बोट आज्ञाधारक गाईसारखी नेली, आणि मग वेगाचा दांडा पुढे ढकलला. नाक वर उचलले गेले. तोंडावर थंड तुषार आले, नाकात तेलाचा आणि शेवाळाचा वास भरला.

"काय दिसतंय गं?" तो ओरडला.

"फेस!"

"लिही मग! फेस म्हणून लिही!"

पहिला फेरा झाला. मिसेस क्विस्ट आपल्या धक्क्यावर पांढरी टोपी घालून उभ्या होत्या. दुर्बीण डोळ्यांना होती. ऑरिनने त्यांना टोपी काढून सलाम ठोकला.

दुसऱ्या फेऱ्यात डाव्या वळणावर बोट मागून ओढली गेली.

"आता काय दिसतंय?"

लॉर्ना बाकाच्या कडेला सरकली.

"पोरी?"

"जरा हळू घ्या."

"का? आपण नियमात आहोत."

"हळू घ्या म्हटलं ना."

त्याने दांडा बोटभर मागे घेतला.

"अजून थोडं," लॉर्ना म्हणाली. आणि मग, जणू पलीकडून कोणी बरे म्हटले असावे, तशी ती म्हणाली, "बास."

ऑरिनच्या मानेला मागे वळावेसे वाटले. त्याने वळू दिले नाही. आज मागे पाहणे म्हणजे म्हातारीच्या बाजूने साक्ष देणे होय, असा त्याने विचार केला, आणि नजर नाकासमोर रोखून धरली.

मिसेस क्विस्ट पुन्हा समोर आल्या. त्यांनी दुर्बीण प्रथम बोटीवर धरली. मग लॉर्नावर. मग बोटीच्या बरीच मागे. नंतर त्यांनी ती खाली घेतली आणि मान डोलावली. एखाद्याने पुस्तक अखेर नेमक्या जागी ठेवले म्हणजे डोलवावी, तशी.

तिसरा फेरा अर्ध्यावर आला.

"ऑरिन."

तिने मिस्टर म्हटले नव्हते.

"घरी चला."

"एक फेरा पुरा तर—"

"आत्ता. धक्क्यावर."

तो वळला. तरुणपणी त्याने कैक लोकांना दोरावर ओढले होते. हाताला ते अजून स्मरत असावे. तो धक्क्याकडे सरळ गेलाच नाही. धक्क्याला समांतर धावला, आणि ऐन वेळी बोट बाहेर वळवली. स्कीवाल्याने दोर सोडून अलगद काठाला घसरत जावे म्हणून वळवतात, तशी.

बोट एकदम हलकी झाली. तिने पुढे उडी घेतली.

ऑरिनने दांडा मागे ओढला. इंजिन गुरगुरत राहिले.

"असं का वळलात?" लॉर्नाने विचारले.

"सवय."

"बरं केलंत."

धक्का जवळ आला तशी ती उठून उभी राहिली. "मला तिथं नको. माझ्या बोटीला बाहेरून लावा."

"अगं, कॉफी तरी घे. कॉफी काय नियमाबाहेर आहे?"

"नको."

ती एका बोटीतून दुसऱ्या बोटीत गेली. धक्क्याला तिने पाय लावला नाही.

"मग? संपलं ना म्हातारीचं नाटक?"

"अहवाल पाठवते," लॉर्ना दोरी सोडत म्हणाली. ती त्याच्याकडे पाहत नव्हती. "तुमची बोट कुणी नेत नाही. काळजी करू नका."

ऑरिन त्या संध्याकाळी शीळ घालीत मासा तळत बसला.

रविवारी सकाळी धक्क्याच्या टोकाची फळी ओली होती. पाणमांजर, असे त्याने अनुमान केले. सोमवारी मधली फळी ओली होती, टोकाची कोरडी. मंगळवारी हिरवळीतला दगड ओला होता. पाणमांजर धीट झाले खरे. त्याने पायरीशी मासळीचे डोके ठेवून पाहिले. कोणी शिवले नाही.

बुधवारी टपाल आले. ऑरिनने टोस्ट भाजायला लावला, स्वतः बसवलेल्या करड्या फरशीवर खुर्ची ओढली आणि लिफाफा सुरीने फोडला.

अहवाल एका पानाचा होता. खुणेचा खरा अर्थ समजल्यावर तक्रारदार मिसेस क्विस्ट यांनी तक्रार मागे घेतली आहे. प्रकरण बंद. ऑरिनने टेबलावर मूठ आपटली. दोन उन्हाळे! दोन्ही उन्हाळे त्याचे होते.

खाली लॉर्नाच्या अक्षरात शनिवारच्या चाचणीचा तपशील होता.

चालक: एक. मागे पाहणारा: एक, मी स्वतः, संपूर्ण वेळ. ओढलेली व्यक्ती: एक. नियमभंग आढळला नाही. सदर व्यक्तीस, तिने वारंवार केलेल्या खुणेनुसार, चालकाच्या घरी सोडण्यात आले.

त्याने ते दोनदा वाचले. टोस्ट जळू लागला होता. उठण्यासाठी त्याने पाय खाली टेकला.

मोजा टाचेपर्यंत ओला झाला.